टाकीचा जोर

आमच्या केंद्रात एकूण नऊ माणसं होती आणि त्यांतली आठ बह्याड, म्हणजे पक्की बिनडोक आहेत, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचो. नववा मी. रोहण्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, नागपुरातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात, आणि नोकरी मिळाली ती समुद्रपूरच्या रस्त्यावर, सरकीच्या ढिगाऱ्यात. एक्क्याऐंशी साल होतं. कापसाच्या बियाण्यावर संशोधन करायचं केंद्र होतं ते. संशोधन म्हणजे काय, तर मोठे साहेब सकाळी अकराला येत, खुर्चीवरचा टॉवेल सारखा करत, कालचं वर्तमानपत्र आज वाचत, कारण आजचं एस.टी.नं दुपारी येई, आणि चार वाजले की कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवत घरी जात. केंद्रातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. कोणत्या कपाटात काय आहे, हे मात्र त्यांना एकदाही सांगता आलं नाही.

पाहण्यासारखी वस्तू एकच होती, मागच्या खोलीतली टाकी. तिचं खरं नाव गॅमा चेंबर, पण सगळे टाकीच म्हणत. माणसाच्या उंचीचं, शिसं भरलेलं पोलादी पिंप. त्याच्या पोटात कोबाल्टच्या कांड्या गोलाकार बसवलेल्या आणि वर एक खण. डब्यात बियाणं घालून खणात ठेवायचं, बटण दाबायचं, की मोटर खण पोटात नेई आणि लावलेली वेळ संपली की वर आणी. मधल्या वेळात बियाण्याला किरणं लागत. काही बी मरे, काही उगवे, आणि उगवलेल्यात एखादं झाड वेगळ्या गुणाचं निघेल, या आशेवर आमचा सगळा कारभार चाले. समुद्रपूरच्या बाजारात लोक एकमेकांना सांगत, "तिथी बाँब ठेवला हाये." मी कधी त्यांची समजूत काढायच्या फंदात पडलो नाही. कोण डोकं फोडून घेणार!

टाकी आली आणीबाणीच्या वर्षात. एका मंत्र्यानं फीत कापली, खण दोनदा वरखाली करून पाहिला आणि टाळ्या वाजवल्या म्हणे. बसवायला आलेल्या इंजिनिअरांनी त्या दिवशी टाकीचा जोर मोजून एक तक्ता करून दिला होता. किती किरणं हवी असतील तर किती वेळ ठेवायचं, याचा तक्ता. एवढा मोठा कागद मंत्र्यासमोर मिळाला म्हटल्यावर मोठ्या साहेबांनी तो काचेच्या फ्रेममध्ये बसवून टाकीच्या वर टांगला. मग दर खंडेनवमीला टाकीची पूजा व्हायची तेव्हा तक्त्याचीही व्हायची. फ्रेमच्या चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकवाचे थर चढले होते. झेंडूची वाळकी माळ वर्षभर तिथेच लोंबत राही, आणि ती काढायची हिंमत कोणालाच नव्हती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इतका हसलो, की मोठ्या साहेबांना राग आला.

टाकी चालवायचे मामा. सगळेच त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. पन्नाशीला आलेला, सडसडीत, कानात भिकबाळीचं भोक तेवढं उरलेला माणूस. चौथी शिकलेला. टाकी आली त्या दिवसापासून ते रोजंदारीवर होते, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आपण कायम व्हावं. कायम झालं की पुढे पेन्शन, आणि म्हातारपणी कोणाच्या बांधावर निंदायला जायला नको. त्यांचा अर्ज मीच भरून दिला होता, उपकार केल्यासारखा. आता त्यावर मोठ्या साहेबांचा एक शेरा हवा होता, की या माणसाच्या कामाबद्दल तक्रार नाही. अर्ज साहेबांच्या टेबलाच्या खणात पडून होता आणि मामा रोज सकाळी टेबल पुसताना त्या खणाचं हँडल जरा जास्तच घासून पुसायचे. "यंदा कागद निघते सायेब," म्हणायचे. मी "हं" म्हणायचो.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात दक्षिणेतून पत्र आलं. माझा एक वर्गमित्र तिकडच्या अंतराळ केंद्रात लागला होता, जिथे उपग्रहांचे सांगाडे तयार करतात. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्याचं कापड रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवायचं, थरावर थर रचायचे आणि भट्टीत भाजून टणक करायचे, ही त्यांची पद्धत. पण भट्टीतून निघालेली पातळ वस्तू थंड होताना आतल्या आत ओढली जाते आणि वाकते. अंतराळात जाणाऱ्या वस्तूला केसभर वाक चालत नाही. तर भाजण्याऐवजी गॅमा किरणं देऊन, थंडपणीच रेझिन टणक करता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांच्याकडची यंत्रं मोकळी नव्हती. त्यानं लिहिलं होतं, तुझ्याकडे टाकी आहे आणि तुला काम नाही, सहा पट्ट्या करून पाठव. पट्ट्या चांगल्या निघाल्या तर तुझ्यासाठी इथे शब्द टाकता येईल.

ते पत्र मी तीनदा वाचलं. सरकी, साहेब, टॉवेल, सगळं एका फटक्यात सुटणार होतं.

मोठ्या साहेबांना मी परवानगी मागितली. उपग्रह हा शब्द ऐकल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सही लगेच केली. आठ दिवसांत अख्ख्या तालुक्यात झालं, की आमच्या केंद्रात उपग्रह बनून राह्यला. कारंज्याहून साहेबांचे साडू सहकुटुंब पाहायला आले, आणि टाकीभोवती एक चक्कर मारून मला म्हणाले, "मंग हे उडते कधी?" मी म्हटलं, "तुम्ही आत बसले की." साडूंना ते खरंच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरकले. असली ती माणसं!

काम मात्र मी जीव ओतून केलं, ते नाकारत नाही. रेझिनचा डबा आणि काळं कार्बनचं कापड पावसाळ्याच्या अखेरीस पार्सलनं आलं. पट्ट्या रचल्या, काचेच्या नळ्यांत घातल्या. हवेतला ऑक्सिजन राहिला तर वरचा थर चिकट राहतो, म्हणून नळीत नायट्रोजन भरून तोंड वितळवून बंद करायचं होतं. नायट्रोजन आणायचा कुठून? समुद्रपूरच्या गुरांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य गोठवून ठेवतात, त्या भांड्यातला. डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा, पण माझ्या गायी गाभण राहिल्या नाहीत तर तुमच्या उपग्रहाला जबाबदार धरीन." सगळ्या जिल्ह्यात मला अक्कल असलेला भेटला तो हा एकच माणूस.

तक्त्यावर पाहून मी तास काढले. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाकी चालवायची आणि पाच दिवसांत पुरे करायचं. कागदावर वेळ लिहून मी मामांच्या हातात दिली. त्यांनी कागद पाहिला, तक्त्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"सायेब, तक्त्यावरचा टाईम धरू नका. टाकीचा जोर कमी झाला."

"जोर कमी झाला? टॉर्चचे सेल आहेत का ते?"

"मले शास्त्र नाई समजत. पण पयले दहा मिनिटं ठेवलं का अर्धं बी मरे. आता दहा मिनिटं ठेवलं तं सारंच्या सारं उगवते. म्या तं एका सालापासून दुप्पट टाईम ठेवून राह्यलो."

माझं डोकंच फिरलं. "कोणाला विचारून?"

"बियालेच इचारलं," मामा म्हणाले. थट्टा नव्हती त्यात, सरळ सांगत होते.

मी त्यांना काय काय बोललो ते आज आठवलं तरी कान गरम होतात. वर्षभराच्या नोंदी नासवल्या म्हणालो. चौथी शिकलेल्या माणसानं इंजिनिअरच्या वर जायचं नसतं म्हणालो. हाच का तुमचा कायम व्हायच्या लायकीचा कारभार, असंही म्हणालो. आणि बोट वर करून तो तक्ता दाखवला, कोपऱ्यांवर कुंकू, वर वाळकी माळ. "तिथं लिहिलंय ते वाचता येतं ना? तसं करायचं. बियाण्यालाही आणि याही कामाला."

"हाव जी," मामा म्हणाले.

पाच दिवसांतले तीन झाले आणि खंडेनवमी आली. मी सणाला रोहण्याला गेलो. जाताना बजावलं होतं, की टाकी बंद पडता कामा नये. पण खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, त्याला आराम द्यायचा, ही तिथली रीत. नांगर बंद, वखर बंद, शिंप्याची मशीन बंद. मग टाकीच कशी चालू राहील? दसऱ्याच्या सकाळीच मी आपट्याची पानं खिशात घेऊन परत आलो तर टाकीला हळद लागलेली, तक्त्याला नवी माळ, आणि माझ्या सहा नळ्या पाटावर ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक नळीवर कुंकवाचं एकेक बोट!

"हे काय केलं?"

"पूजा केली जी. अंतराळात जाणारी वस्तू हाये. एक दिवस आराम देल्ला, आता लावतो परत. तास लिहून ठेवले म्या." भिंतीवर खडूनं खरंच तासांच्या रेघा होत्या.

मी आरडाओरडा केला, नळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या आणि उरलेले तास स्वतः उभं राहून पुरे करवले. मग नळ्या फोडल्या. पट्टी बोटानं दाबली तर बोटाचा ठसा राहिला. वरून चिकट, आतून कच्ची. मार्गशीर्षातल्या रसाच्या काकवीसारखं ते हाताला लागत होतं. तरीही, वेडी आशा, मी त्या पाठवल्या. पंधरा दिवसांनी मित्राचं पत्र आलं. सहाही कच्च्या. कारण शोध आणि कळव, मग दुसरी संधी देतो.

कारण शोधायला मला मिनिटभरही लागलं नाही. कारण माझ्यासमोर झाडू मारत होतं.

मी इंग्रजीत एक पानाचा अहवाल लिहिला, एक प्रत मित्राला, एक साहेबांना. धार्मिक कारणासाठी कर्मचाऱ्यानं नमुने परस्पर बाहेर काढले, सलग प्रक्रिया खंडित केली, नमुन्यांवर बाहेरचा पदार्थ लावला. शब्द कसे झकास जमले होते! खरं सांगायचं तर लिहितानाच मला माहीत होतं, की बंद काचेवर लावलेलं कुंकू आत जात नाही, आणि एका दिवसाच्या खंडानं पट्ट्या इतक्या कच्च्या राहत नाहीत. मामांनीही तेच विचारलं, दारात उभं राहून, हळू आवाजात. "सायेब, काचेच्या आत कुंकू कसं जाईन?" मी म्हणालो, "मला शास्त्र शिकवू नका."

मोठ्या साहेबांना वर कळवायला कारण हवंच होतं. त्यांनी सही ठोकली. त्याच आठवड्यात मामांचा अर्ज खणातून निघाला आणि शेऱ्यासकट परत आला. तक्रार आहे. मामांना टाकीवरून काढून सरकी निवडायच्या शेडमध्ये बसवलं. तिथून जाताना मला रोज दिसायचे. मी दुसरीकडे पाहायचो.

थंडी संपता संपता मुंबईहून एक इंजिनिअर टाकी तपासायला आला. दर वर्षी यायला हवा होता, पण त्याला बोलवायचं पत्र मोठ्या साहेबांच्या कुठल्यातरी कपाटात सात वर्षं बंद होतं. त्यानं छोट्या बाटल्यांत एक पाण्यासारखं द्रावण भरलं आणि खणातून खाली सोडलं. किरणं लागली की ते पिवळं होतं, आणि किती पिवळं झालं त्यावरून जोर कळतो. बाटल्या वर आल्या. त्यानं त्यांचा पिवळेपणा मोजला, मग तक्त्याकडे पाहिलं, मग माळेकडे.

"हा तक्ता कधीचा?"

"उद्घाटनाचा," मोठे साहेब अभिमानानं म्हणाले.

"आणि तुम्ही अजून याच्यावर चालता? अहो, जोर निम्म्याच्याही खाली गेलाय. कोबाल्ट आहे हे. सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. इथं कोणी शिकलेलं नाही का?"

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या बैलासारख्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडी मजा दिसली. पाहू दे, त्यांचा हक्कच होता तो.

सव्वापाच वर्षं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. एम.एस्सी.च्या पेपरात हा प्रश्न होता आणि मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मोठ्या साहेबांना ते माहीत नव्हतं, साडूंना माहीत नव्हतं, त्यांना कोण हसणार? पण टॉर्चच्या सेलवरून त्या माणसाला हिणवणारा मी! ज्याला कांडीचं नावही धड घेता येत नव्हतं, त्यानं उगवलेलं बी मोजून दुप्पट वेळ लावली होती, आणि ती जवळपास बरोबर होती. कुंकू त्या लोकांनी लावलं असेल, पण तो तक्ता देव मानला तो मी एकट्यानं. बाकीचे निदान वर्षातून एकच दिवस हात जोडत होते.

इंजिनिअरनं नवा तक्ता करून दिला. मोठ्या साहेबांनी तोही फ्रेममध्ये घातला. मित्राकडून दुसरं रेझिन आल्यावर मी नव्या वेळेनं सहा पट्ट्या पुन्हा बनवल्या. नळ्या फोडल्या तेव्हा पट्टी टेबलावर आपटली तर टणकन आवाज आला. पट्ट्या गेल्या, आणि महिन्याभरात मला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मामांच्या घरी गेलो तो त्यानंतरच्या रविवारी. समुद्रपूरच्या अलीकडे त्यांचं गाव. मामींनी ओसरीवर चटई टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, "मामा, तुमचं बरोबर होतं. टाकीचा जोर खरंच कमी झाला होता."

मामा हसले. "मले मालूम हाये. तुमाले सांगतलं होतं न." राग नव्हता. मग ते थोडे पुढे सरकले. "मंग सायेब, आता थो कागद दुरुस्त होईन का? तुमी लिवून देल्लं तं?"

मामी आत जाता जाता दारात थांबल्या.

करायचं एवढंच होतं. एक पान लिहायचं. माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, दोष या कर्मचाऱ्याचा नव्हता, कोबाल्ट निम्मं होतं हे मी विसरलो. खाली सही. आणि हेच पान, मुलाखतीच्या तोंडावर, वर जाणार, कदाचित दक्षिणेतही पोचणार. ओसरीवर बसल्या बसल्या एवढा हिशेब मी करून टाकला. जोराचा हिशेब चुकला होता, हा नाही चुकला.

"लिहितो ना मामा," मी म्हणालो. "मुलाखत होऊन जाऊ द्या. लगेच लिहितो."

मामींनी आतून साखर घातलेला शिरा आणला. मी दोनदा घेतला.

मुलाखत झाली, नेमणूक झाली, मी गेलो. ते पान मी लिहिलं नाही. आधी नवी नोकरी, मग पहिला प्रयोग, मग आता इतक्या दिवसांनी काय लिहायचं, अशी एकेक सबब काढत गेलो. दर महिन्याला मी तिथल्या टाकीचा जोर समोर उभं राहून मोजायला लावायचो आणि तक्त्यावर जुनी तारीख दिसली तर समोरच्याची कातडी सोलायचो. हाताखालचे लोक म्हणत, भारी काटेकोर माणूस आहे. त्यांना तसंच वाटू दिलं.

अठ्ठ्याऐंशी की एकोणनव्वदमध्ये भावाच्या घरच्या लग्नाला आलो, तेव्हा एस.टी. केंद्रासमोर थांबली. पाय आपोआप खाली उतरले. फाटकाशी निंबाखाली मामा बसले होते, पुढ्यात सुपात सरकी. केस पांढरे झालेले. अजून रोजंदारीवरच होते, आणि पुढच्या वर्षी त्यांना घरी बसवणार होते.

मला पाहून ते उठून उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकून, पण उभे राहिले. "सायेब! कवा आले?"

मी काहीतरी बोललो. लग्न, गाडी, ऊन. मग सुपातली सरकी चिवडत राहिलो. त्यांना कळलं असावं मी काय टाळतोय ते, कारण त्यांनीच मला वाट काढून दिली.

"तुमी तं पत्र टाकलंच असन सायेब," मामा म्हणाले. "डाकेत गहाळ झालं असन. इकडची डाक लय बेकार हाये."

आणि मी, पहिल्या वर्गात पास झालेला, म्हणालो, "हो मामा. तसंच झालं असणार."